पुण्याचा घडा म्हणे!

मी एक जुना घडा आहे. मातीचा, तपकिरी, एका बाजूने पोट चेपलेला. चेपलेला आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी बोट दाखवायला नको. मित्रांनो, माझ्याबद्दल आजवर फार चांगलं बोललं गेलं आहे. त्यातलं निम्मं धादांत खोटं आहे. ऐकून ऐकून माझे कान किटले, तेव्हा आज मीच बोलतो. घड्याला तोंड दिलेलं असतं ते काही नुसतं झाकण ठेवायला नाही.

तुमच्यापासून फार दूर, पूर्वेकडे, नाकदोंग नदीकाठच्या एका कुंभारवाड्यात माझा जन्म झाला. मला घडवणारा कुंभार भारी तोंडाळ. माती तुडवताना मातीला शिव्या, लाकडं ओली निघाली की लाकडांना शिव्या. त्याने मातीचे जाड दोर वळून एकावर एक रचले, लाकडी फळीने थापटून मला उभं केलं आणि राखेच्या पाण्यात बुचकळून काढलं. मग टेकडीच्या उतारावरच्या लांबलचक भट्टीत आम्हां सगळ्यांना कोंबलं. आत काय उकडत होतं, विचारू नका! शेजारचा एक थोराड रांजण त्या आगीत कलला, तो थेट माझ्या अंगावर. माझं पोट चेपलं ते तेव्हा. भट्टी उघडल्यावर कुंभाराने मला टिचकी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि म्हणाला, "दिसायला ध्यान आहे, पण पक्का भाजलाय. पाझरायचा नाही." ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

आमच्या जातीची भांडी करतात कशाला? शिजवलेलं सोयाबीन आंबवायला, मुळा आणि कोबी मुरवायला. घरामागच्या ओट्यावर उन्हात भावंडांच्या रांगेत बसायचं आणि पोटात खमंग काहीतरी मुरवत ठेवायचं, एवढंच माझं स्वप्न होतं. पण बाजारात मला उचललं ते ग्वॉन गुरुजींनी. तेव्हा ते तरुण होते, गावातल्या मानाच्या घराण्यातले, पुस्तकं कोळून प्यालेले. त्यांनी मला ओट्यावर नेलंच नाही. थेट पुरुषांच्या बाहेरच्या खोलीत, लिहायच्या बैठ्या मेजाशेजारी नेऊन ठेवलं. मीठ नाही, मसाला नाही. मला वाटलं, झालं! आपलं काही खरं नाही.

संध्याकाळी उलगडा झाला. गुरुजी हातपाय धुऊन आले, घोड्याच्या केसांची काळी टोपी नीट केली आणि माझ्यासमोर मांडी घालून बसले. एका बाजूला पांढऱ्या सोयाबीनची वाटी, दुसऱ्या बाजूला काळ्या दाण्यांची. डोळे मिटून त्यांनी सकाळपासूनचा दिवस आठवला. चांगला विचार आठवला की माझ्यात पांढरा दाणा टाकायचा, वाईट आठवला की काळा. नीट जगायचं तर माणसाने रोज स्वतःची झडती घ्यावी, ही आमच्याकडच्या विद्वानांची जुनी रीत.

सुरुवातीला नुसते काळे! मेहुणा राजधानीची परीक्षा पास झाला आणि यांच्या पोटात दुखलं, काळा. पाहुण्यांसाठी वाळवून ठेवलेली फळं गुपचूप एकट्याने फस्त केली, काळा. गुराख्यावर उगाच डाफरले, काळा. मग त्याच्या झोपडीपर्यंत जाऊन "चुकलो रे बाबा" म्हणून आले, पांढरा. कधी कधी काळा दाणा टाकताना त्यांचे डोळे भरून यायचे. ते गुरुजी मला फार आवडायचे. आंबवण नाही तर नाही, पण हेही काम काही कमी नाही, असं मी मनाला समजावलं. वर्ष संपलं की ते मला रिकामं करायचे, दाणे बैलांना घालायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायचे.

हळूहळू काळे कमी झाले आणि पांढरे वाढले. आणि मित्रांनो, खरी गोम इथेच आहे. वरचा थर पांढराशुभ्र दिसायला लागल्यावर गुरुजींनी मला रिकामं करणं बंद केलं. इतके छान दाणे बैलांना कशाला घालायचे? मग बोलबाला सुरू झाला. "ग्वॉन गुरुजींचा घडा पाहिलात का?" लांबलांबून माणसं यायची, माझ्या तोंडात डोकावायची आणि माना डोलवायची. आया पोरांना घेऊन यायच्या आणि तिथेच त्यांचे कान पिळायच्या, "बघ, एक तरी काळा दिसतो का? नाहीतर तू! कालच बहिणीची वेणी ओढलीस!" पापाचा घडा भरतो म्हणतात ना? पुण्याचाही भरतो. आणि भरला की तोही तेवढाच डोक्यात जातो.

पण आतली गोष्ट मला ठाऊक होती. गुरुजींची बायको वारली होती. मुलगा राजधानीत परीक्षेमागून परीक्षा नापास होत बसला होता. गुरुजी खालच्या चुलीने तापलेल्या उबदार जमिनीवर बसून पुस्तकं वाचायचे आणि अंगणाबाहेर पाऊलही टाकायचे नाहीत. माणूसच भेटला नाही तर राग कोणावर येणार? हेवा कोणाचा वाटणार? संध्याकाळी ते डोळे मिटायचे, जांभई द्यायचे आणि टाकायचे एक पांढरा. कधी कधी तर डोळे मिटायच्या आधीच हात पांढऱ्या वाटीत गेलेला असायचा. मी ओरडून सांगावं तर मातीच्या तोंडाला जीभ नसते. नुसता जळफळाट व्हायचा.

त्या घरात मला ओळखलं ते एकाच माणसाने. गुरुजींची सून. मुसिल गावची लेक, म्हणून सगळे तिला मुसिलदेक म्हणायचे. आमच्याकडे मानाच्या घरात लग्न झालं की बाईचं नाव जातं आणि माहेरच्या गावाचं नाव चिकटतं. ती रोज मला पुसायची आणि हळूच म्हणायची, "काय रे ढेरपोट्या, आज किती पुण्य गिळलंस?" मला हसू यायचं. तिने माझ्यात कधी कौतुकाने डोकावून पाहिलं नाही. तिला कामं होती.

आणि मग तो वसंत आला. आदल्या सालची भातं पावसाने दगा दिल्यामुळे पोचट निघालेली, शेतात जव अजून हिरवे. जुनं धान्य संपलेलं आणि नवं हाती यायचंय, या दिवसांना आमच्याकडे जवाची खिंड म्हणतात. दर वर्षी ती चढावीच लागते, पण त्या साली ती काही केल्या उतरेना. लोक देवदाराची साल खरवडून खात होते. आमच्या घरात दिवसातून एकदा पेज, तीही अशी पातळ की तोंड दिसावं. गुरुजींची वाटी मुसिलदेक आधी भरायची. स्वतः रानातला पाला उकडून खायची.

नेमक्या त्याच दिवसांत दोन गोष्टी झाल्या. परगण्याच्या विद्यालयाचे प्रमुख मिन महाशय मला पाहायला येणार, असा निरोप आला. घडा त्यांच्या मनास आला, तर ते थेट राजाकडे अर्ज करणार होते आणि आमच्या दाराला सत्पुरुषाची लाल कमान मिळणार होती. गुरुजींनी स्वतःच्या हाताने मला तेल चोळलं. आणि दुसरी गोष्ट अशी, की भिंतीपलीकडे राहणाऱ्या आमच्या गड्याची, दोल्सेची बायको ओक्बुन बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं कढण हवं, भात हवा. दोल्सेच्या घरात पाण्याशिवाय काही नव्हतं. ओक्बुनला दूध उतरेना आणि तिसऱ्या दिवशी तिला धड डोळेही उघडवेनात.

महाशय येणार त्याच्या आदल्या दुपारी मुसिलदेक तिला पाहून आली आणि सरळ बाहेरच्या खोलीत शिरली. सुनेने त्या खोलीत असं न विचारता यायचं नसतं. गुरुजींनी पुस्तकातून मान वर केली.

"मामंजी, दाणे हवेत."

"कसले दाणे?"

"घड्यातले. ओक्बुन जाते आहे हातची. दळून पेज करते."

गुरुजी गडबडले. दुष्ट नव्हते हो ते, हे मी शपथेवर सांगतो. म्हणाले, "ने की. मी नाही कुठे म्हणतोय? पण उद्या महाशय येताहेत. त्यांना एकदा बघून जाऊ दे, मग सगळे ने. एका दिवसाने काय होतंय, सूनबाई?"

"तुम्हाला काही होत नाही. तुम्ही सकाळी पेज प्यालात."

"अगं, पण ते खायचे दाणे आहेत का? माझा सगळा जन्म आहे त्यात!"

"सोयाबीन आहे, मामंजी. शिजतं."

गुरुजींचा चेहरा लाल झाला. "तोंड सांभाळून बोल. माझ्या मनात आजवर तुझ्याबद्दल वाईट विचार आलेला नाही. आजही कोणाबद्दल आलेला नाही."

"येईल कुठून?" मुसिलदेकचा आवाज चढला. त्या घरात मी तो पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "दाराबाहेर पाऊल नाही, कोणाचं तोंड बघायचं नाही. भिंतीपलीकडे बाई मरायला टेकलीय, तिचं पोर रडून रडून थकलं आणि तुमच्या मनात काहीच आलं नाही? वाईट नाही, चांगलंही नाही? मग संध्याकाळी पांढरा टाकता तो कशाचा?"

उत्तराची तिने वाट पाहिलीच नाही. दोन्ही हातांनी मला कवेत घेतलं आणि उचललं.

"खाली ठेव! खाली ठेव म्हणतो ना! माहेरी पाठवीन तुला!"

"पाठवा. मुसिलची वाट मला पाठ आहे. पण आधी पेज होऊ द्या."

आणि मला छातीशी धरून, उंच उंबरठा ओलांडून, भर दुपारी, शेजारच्या बायका बघत असताना ती चालू लागली. मित्रांनो, मला हात असते ना, तर मी टाळ्या पिटल्या असत्या! इतकी वर्षं लोक मला बघायला येत होते. आज पहिल्यांदा मी कुठेतरी निघालो होतो.

दोल्सेच्या अंगणात तिने मला सुपात ओतलं. पांढरे दाणे धबाधबा पडले आणि शेवटी तळाचे जुने काळे निघाले. दोल्से बिचारा घाबरला. "धाकट्या बाई, हे काळे म्हणजे मालकांचे वाईट विचार ना? हेही दळायचे? बाळंतिणीला बाधतील हो! बाजूला काढू का?"

"एक दाणा काढलास तर बघ," मुसिलदेक जातं ओढत म्हणाली. "काळेच जास्त कसाचे आहेत. मामंजी खरं बोलत होते तेव्हाचे आहेत ते."

जुने वाळकोळ दाणे, पण जात्यापुढे काय चालतंय? लोखंडी कढईत पेज रटरटायला लागली. मुसिलदेकने ओक्बुनचं डोकं मांडीवर घेतलं आणि चमच्याने एकेक घोट भरवला. पहिले दोन घोट ओठांवरून ओघळले. "गिळ गं बाई," मुसिलदेक दातओठ खाऊन म्हणाली, "गिळ! इतकं पुण्य उभ्या परगण्यात कोणाला प्यायला मिळालं नसेल. वाया घालवू नकोस." तिसरा घोट ओक्बुनच्या घशाखाली उतरला. वासावरून आजूबाजूची माणसंही वाट्या घेऊन आली. कोणालाच परत पाठवलं नाही. संध्याकाळपर्यंत माझ्यात एक दाणा उरला नाही.

मुसिलदेकने मला स्वच्छ धुऊन, पुसून माझ्या जागी आणून ठेवलं आणि आत निघून गेली. गुरुजी भिंतीकडे तोंड करून बसले होते. सवयीची वेळ झाली तसे वळले. दोन्ही वाट्या समोर. हात पांढऱ्या वाटीकडे गेला आणि तिथेच अडला. मग त्यांनी एक काळा दाणा उचलून माझ्यात टाकला. रिकाम्या पोटात तो असा खणकन वाजला की ते दचकलेच. नंतर ते उठले, टोपी न घालताच अंगण ओलांडून भिंतीशी गेले आणि पलीकडे हाक मारली, "दोल्से, कशी आहे रे ती?"

दोल्सेला आधी खरंच वाटेना. "जगेल, मालक. गिळतेय आता. दूधही उतरेलसं वाटतं."

"बरं, बरं," गुरुजी म्हणाले आणि उगाचच भिंतीवर हात फिरवत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी मिन महाशय लवाजमा घेऊन आले. रेशमी अंगरखा सावरत माझ्यात डोकावले आणि तसेच मागे सरले. "ग्वॉन गुरुजी, हे काय? एकच दाणा? आणि तोही काळा?"

"कालचा आहे," गुरुजी म्हणाले. "शेजारी बाळंतीण उपाशी मरत होती. तिला मी म्हणालो, एक दिवस थांब. बाकीचे दाणे सुनेने तिला खाऊ घातले."

"न विचारता?"

"विचारून. मी नाही म्हणाल्यावर."

महाशयांनी आवाज खाली आणला. "ही तर सरळ चोरी झाली. सासऱ्याचा शब्द मोडला, वर चोरी. अशा सुनेला घालवून द्यायला नीतीची, कायद्याची आडकाठी नाही. तेवढं करा. मी अर्जात लिहितो, सत्पुरुषाचा घडा सुनेने लुटला. कमान कुठे जात नाही."

दाराआड मुसिलदेक उभी होती. माहेरी जाईन म्हणणं सोपं असतं. घालवून दिलेल्या बाईला मुसिलमध्ये तरी कोण उभं करणार होतं? मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. मी पक्का भाजलेला, तरी मला वाटलं, आत्ता तडकतो की काय!

गुरुजी ताठ बसले. "तिला घालवलं तर मला रोज संध्याकाळी काळा दाणा टाकावा लागेल, महाशय. आणि घड्यातले काळे तिने शिजवून टाकलेत, वाटीतले तेवढे पुरायचे नाहीत."

"तुम्ही चेष्टा करताय का?"

"मुळीच नाही. कमानीसाठी लाकूड आणलं असेल तर ठेवून जा. दोल्सेचं छप्पर गळतंय."

महाशय तणतणत निघून गेले. परगणाभर आमची छीथू झाली. घडा पाहायला यायचं लोकांनी बंद केलं आणि आया पोरांना दुसऱ्या कोणाचं तरी उदाहरण देऊ लागल्या. होऊ दे! मला त्याचं तसूभरही वाईट वाटलं नाही. कारण खरी मजा तर पुढेच आली. त्या दिवसापासून गुरुजी संध्याकाळी वाट्या घेऊन बसले की आत हाक मारायचे, "सूनबाई, आज माझा कुठला?"

"सकाळी दोल्सेवर खेकसलात. काळा."

"अगं, पण त्याने बैल..."

"काळा."

कुरकुरत टाकायचे बिचारे. कधी कधी भिंतीपलीकडून ओक्बुनच ओरडायची, "धाकट्या बाई, आज पांढरा द्या हो मालकांना! पोरीला अंगाखांद्यावर खेळवलंय दुपारभर!" मग म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलायचा, की लाल कमान मिळूनही फुलला नसता. आणि महिना सरला की माझ्यातले दाणे, काळे-पांढरे सगळे एकत्र, कोणाच्या तरी चुलीवर जायचे. मी भरायचो आणि रिकामा व्हायचो. तीच माझी खरी उमेदीची वर्षं.

गुरुजी गेले. पुढे मुसिलदेकही म्हातारी होऊन गेली. मग मी गोठ्यात पडलो, कोंबड्यांनी माझ्यात अंडी घातली, लढाया आल्या आणि गेल्या. शेवटी गुरुजींच्या वंशातल्या कोणाला तरी मी सापडलो आणि त्याने मला शहरातल्या वस्तुसंग्रहालयात आणून काचेत बसवलं. समोर पाटी आहे: थोर सत्पुरुष ग्वॉन यांचा घडा, यात केवळ पांढरे दाणे असत. आणि खरोखरच माझ्यात गळ्यापर्यंत पांढरे दाणे भरलेत, वरचा थर गोंदाने चिकटवलेला. मुसिलदेकचं नाव त्या पाटीवर कुठेही नाही. शाळेची मुलं येतात, मार्गदर्शक बाई त्यांना सांगतात, बघा, किती निर्मळ मन! मी काचेआड संतापाने फुलतो. खोटं आहे ते! साफ खोटं!

मित्रांनो, रोज संध्याकाळी आपला दिवस जरूर आठवा. त्यावाचून माणूस सुधारत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण आपला दाणा आपणच उचलू नका. तुमचा दिवस ज्यांच्या वाट्याला आला त्यांना विचारा, आणि ते काळा म्हणाले तर वाद घालू नका. जुन्या वस्तू जपा, असं मोठी माणसं तुम्हाला सांगतील. मी मात्र म्हणतो, मला जपू नका. हा गोंद खरवडा, हे दाणे उपसून काढा आणि कोणाला तरी शिजवून घाला. मी गळ्यापर्यंत भरलेला होतो, तेव्हा लोक माझ्यापुढे नुसते माना डोलवत होते. ज्या दिवशी रिकामा झालो, त्या दिवशी एक बाई जगली.